बटण कुणी ओढलं

कॅप्टन दुपारी एकला घरी आला आणि अंगातला शर्ट त्यानं स्वतःच्या हातानं धुण्याच्या मशीनमध्ये टाकला, तेव्हाच मोठ्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

सेहेचाळीस वर्षांचा हा मुलगा. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, रोज दीडदोनशे माणसांना आभाळात नेऊन सुखरूप खाली आणणारा. पण घरात पाऊल टाकलं की शर्ट खुर्चीवर, मोजे पलंगाखाली आणि टोपी जिथं मांजर बसेल तिथं. मशीनचं झाकण कुठल्या बाजूनं उघडतं हे त्याला ठाऊक असेल, असं मोठ्या बाईंना आजवर वाटलं नव्हतं. आणि आज साहेबांनी झाकण उघडलं, शर्ट आत कोंबला, वर साबणाची पावडरसुद्धा टाकली. अख्ख्या इमारतीच्या कपड्यांना पुरली असती एवढी.

तो आत गेल्यावर बाईंनी शर्ट बाहेर काढला. शर्ट त्यांनीच शिवलेला. चौथीपर्यंत शाळा, पुढं सगळं शिक्षण शिलाई मशीनवर. नवरा अकाली गेला तेव्हा एका मशीनवर सुरुवात केली आणि पुढं बारा मशिनांचा गणवेशांचा कारखाना चालवला. नर्सेस, पहारेकरी, शाळेतली पोरं, अर्ध्या गावाच्या अंगावर त्यांची टीप होती. कापड उलटं केलं की कुठली शिवण कुठल्या बाईच्या हातची हे त्या सांगत, आणि चुकत नसत. कारखाना बंद होऊन सात वर्षं झाली होती, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती.

शर्टाच्या पाठीवर कॉलरपासून कमरेपर्यंत घामाचा पट्टा होता. वाळून कडेला पांढरी रेघ उमटलेली. विमानात म्हणे एसीनं माणूस गारठतो.

"छोटू," त्यांनी हाक मारली. सहा फूट उंचीच्या कॅप्टनला या घरात छोटू म्हणत, त्याला इलाज नव्हता. "जेवतोस ना?"

"आलो आलो, एक फोन करतो," म्हणून तो बाल्कनीत गेला आणि त्यानं काचेचं दार लावून घेतलं.

आपल्याच घरात दार लावून फोन! बाल्कनीला लागून न्हाणीघराची खिडकी. आडून ऐकणं हा मोठ्या बाईंचा स्वभाव नव्हता. त्यांना फक्त हात धुवायचे होते. चांगली पाचसहा मिनिटं धुवायचे होते.

"...नाही, नीट आठव. विमान तुझ्याकडं होतं. ओढलंस तूच... रडू नकोस. रडून काय होणार? मी आहे ना. चारला घरी ये, बसून लिहू."

मोठ्या बाईंनी नळ बंद केला.

स्वयंपाकघरात सून ताटं मांडत होती. सून दातांची डॉक्टर. गावभरच्या माणसांना तोंड उघडायला लावण्यात तरबेज, पण स्वतःच्या नवऱ्याचं तोंड काही तिच्याच्यानं उघडत नव्हतं.

"आल्यापासून चार फोन झाले त्या पोरीचे," ती म्हणाली.

"कोण पोरगी?"

"नवी को-पायलट. सव्वीस वर्षांची. महिनाभरात चारदा याच्याबरोबर ड्युटी लागली तिची."

"मग?"

"मग काही नाही." सुनेनं चमचा जरा जोरात ठेवला.

"अगं, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. तो बाई कुठून शोधणार?"

"आई, बाया म्हणजे मोजे नव्हेत. त्या स्वतःहून सापडतात."

मोठ्या बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी आत ठेवलं. सुनेसमोर हसण्याचे दिवस ठरलेले असतात. "तसलं काही नाही," त्या म्हणाल्या. "तसलं असतं तर शर्ट अत्तराचा वास मारत आला असता. हा घाबरलेल्या माणसाचा घाम आहे. पाणी दुसरीकडंच मुरतंय."

जेवताना त्यांनी आडवळण घेतलं नाही. पहिला घास त्याच्या तोंडात असतानाच विचारलं, "काय ओढलं रे तिनं?"

कॅप्टनला ठसका लागला. सुनेनं पाणी पुढं केलं. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा न्हाणीघराच्या दाराकडं पाहिलं, आणि त्याला काय ते समजलं.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "सगळे सुखरूप आहेत. एक छोटी गोष्ट आहे, उद्या अकराला ऑफिसात मिटेल."

"छोटी गोष्ट सांगायला वेळही छोटाच लागेल. सांग."

मग त्यानं सांगितलं. विमान उडालं की मन मानेल तसं वर जायचं नसतं. जिन्याला पायऱ्या असतात तशा वाटेत उंच्या ठरलेल्या असतात. इथं येईपर्यंत पाच हजार फुटांच्या वर जायचं नाही, तिथून पुढं गेलं की मग चढायचं. कारण वरच्या थरातून दुसरी विमानं उतरायला येत असतात. पायलटांच्या पुढं मधोमध एक गोल बटण असतं. ते फिरवून शेवटची उंची लावायची. मग बटण आत दाबलं तर विमान वाटेतली एकेक पायरी पाळत चढतं. बाहेर ओढलं तर पायऱ्याबियऱ्या विसरून थेट वर.

"एकाच बटणाला दोन उलटी कामं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "कुठल्या शहाण्यानं केलं ते?"

"आई, ते शहाणेच असतात."

सकाळी सातच्या उड्डाणात खालून रेडिओवर सांगितलं गेलं, वरच्या उंचीपर्यंत चढा, पण मधली बंधनं पाळा. उंची लावली गेली. आणि बटण दाबायच्याऐवजी ओढलं गेलं. विमान पाच हजारांवर थांबलंच नाही. पाच हजार सहाशेला पोचलं तेव्हा रेडिओवरचा माणूस ओरडला, चढणं थांबवा. सहा हजारांवर दुसरं विमान समोरून येत होतं. दोघांच्यात हजार फूट अंतर लागतं, उरलं होतं चारशे.

सुनेचा हात ताटातच थांबला. "चारशे फूट म्हणजे किती?"

"म्हणजे लागलं नाही," कॅप्टन म्हणाला. "प्रवाशांना कळलंसुद्धा नाही. एक आजोबा घोरत होते म्हणे."

"आणि ओढलं त्या पोरीनं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"विमान ती उडवत होती. ऑटोपायलट चालू होता. ऑटोपायलट चालू असला की जो उडवतो त्यानंच ते बटण हाताळायचं, असा नियम आहे. मी फक्त रेडिओवर बोलत होतो."

"मग तू कशाला घामाघूम?"

"कारण कॅप्टन मी आहे ना. शिवाय यंत्रात सगळं नोंदलं जातं. बटण कितव्या सेकंदाला ओढलं, विमान किती फूट गेलं. फक्त ओढणारा हात कुणाचा ते नोंदलं जात नाही. आवाजाची पेटी असते, पण तिच्यात शेवटचे दोनच तास राहतात. आम्ही पुढं जाऊन परत आलो, तोवर सकाळचं सगळं पुसलं गेलं. म्हणून उद्या दोघांनी लेखी द्यायचं."

मोठ्या बाईंना मग सगळं स्पष्ट दिसलं. पुढच्या महिन्यात छोटू नव्या पायलटांना शिकवणारा कॅप्टन होणार होता. यादीत त्याचं नाव लागलं होतं. हे त्यांचं इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवर सांगून झालं होतं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा. आणि आता ही कालची पोर चूक करून रडणार, आणि रडणाऱ्या पोरीकडं बघून ऑफिसातली माणसं विरघळणार, आणि बोट छोटूकडं वळणार. रडणाऱ्या पोरी त्यांनी कारखान्यात पोत्यानं पाहिल्या होत्या.

"येऊ दे चारला," त्या म्हणाल्या. "बघतेच."

"आई, तू काही बघायचं नाहीयेस. आम्ही बसून लिहिणार आहोत."

"मी कुठं काय म्हटलं? मी चहा करणार आहे."

चारला पाच मिनिटं कमी असताना घंटा वाजली. पोरगी अजून गणवेशातच होती. म्हणजे घरी गेलीच नव्हती. किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, डोळे सुजलेले. शर्ट तयार घेतलेला, खांदे एकेक बोट खाली उतरलेले आणि कॉलरच्या काजाचा दोरा सुटलेला. असा शर्ट घालून ही माणसं उडवते, असं मोठ्या बाईंच्या मनात येऊन गेलं.

"नमस्कार आजी."

"आजी म्हणणारा एक आहे, तो परगावी शिकतोय. इथं मी काकू."

"सॉरी काकू."

"बस. तिथं नको, इथं." बाईंनी तिला खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसवलं. उजेड तोंडावर पडला की माणसाचं अर्धं काम सोपं होतं, हे त्या जाणून होत्या.

कॅप्टन कागद घेऊन आला. मोठ्या बाई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून तिथंच बसल्या.

"आई, तू आत जातेस का जरा?"

"आत म्हणजे कुठं? हे आतच आहे."

पोरीनं बॅगेतून एक घडी केलेला कागद काढला. "सर, तुम्ही सांगितलं तसं लिहिलंय," ती म्हणाली आणि हळू आवाजात वाचायला लागली. उड्डाणाची वेळ, हवामान, धावपट्टी. मग आलं ते वाक्य. "वरची उंची लावताना माझ्याकडून बटण दाबण्याऐवजी चुकून ओढलं गेलं."

मोठ्या बाईंनी कान टवकारले होते ते दुसऱ्याच कशासाठी. पोरगी आता रडेल, आता पण-परंतु लावेल, आता सरांवर ढकलेल. पण ही तर सरळ सगळं आपल्याच पदरात घेऊन मोकळी झाली. ज्या चोराला पकडायला बसावं त्यानं स्वतःच दोन्ही हात पुढं करावेत, तसं झालं. बाईंना ते आवडलं नाही. इतकी सोपी शिवण त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"अगं, ओढल्यावर लगेच कळलं नाही का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू."

"बोटांना तरी कळलं असेल. दाबणं आणि ओढणं यात फरक असतो की."

पोरीनं तोंड उघडायच्या आत कॅप्टन म्हणाला, "आई, एवढ्या गडबडीत कुणाला आठवतं?"

"मी हिला विचारतेय. तुला आठवतं का गं ओढलेलं?"

"आठवत नाही," पोरगी म्हणाली. "पण सर म्हणतात म्हणजे मीच ओढलं असणार. विमान माझ्याकडं होतं."

मोठ्या बाईंचा कप अर्ध्यात थांबला. सर म्हणतात म्हणजे. कारखान्यात तीस वर्षांत त्यांनी शेकडो चुकलेले कपडे हातात धरून बायांना विचारलं होतं. जिनं चुकून कापड कापलेलं असे तिला कात्रीचा आवाजसुद्धा आठवत असे. ती खोटं बोले, शपथा घेई, शेजारणीवर ढकले, पण आठवे तिला नक्की. हिला आठवतच नव्हतं, आणि तरी ही कबूल करत होती.

संशय एक खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. मोठ्या बाईंनी त्याला उठवायचा प्रयत्न केला, पण तो उठेना.

"तू कुठल्या बाजूला बसतेस?" त्यांनी विचारलं.

"उजव्या. सर डाव्या."

"म्हणजे मधलं बटण तू डाव्या हातानं ओढणार."

"हो."

"मग तो डावा हात सांग. रेडिओवर वर चढा म्हणाले तेव्हा तो कुठं होता?"

पोरीनं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं, जणू तो कुणा दुसऱ्याचा असावा. हळूहळू तो हात आपोआपच वर उचलला गेला, कपाळाच्याही वर, आणि तिथं थांबला.

"सनशेड..." ती म्हणाली.

"ते आपण कागदातून काढलंय ना!" कॅप्टन एकदम बोलला. आवाज जरा चढाच लागला. मग त्यानं तो खाली आणला. "म्हणजे, त्याचा इथं काही संबंध नाही."

"काय ते सनशेड?" मोठ्या बाईंनी विचारलं, पण मुलाकडं न बघता.

"काकू, आम्ही वळलो तेव्हा सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत आलं. काचेवर एक शेड असतं, ते लावत होते मी. ते अडकलं होतं. खालून ओरडले तेव्हा माझा हात वरच होता. दचकून हात खाली आला तो माझ्याच गॉगलला लागला, गॉगल खाली पडला." तिनं कानामागं बोट लावलं. तिथं एक बारीक ओरखडा होता. "पण ते लिहायचं नाही. चढताना शेडशी खेळत होते म्हटलं तर लक्ष नव्हतं असं धरतील. एकाच्या दोन चुका होतील."

"असं कोण म्हणालं?"

पोरगी कॅप्टनकडं बघायला लागली. उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

सून दारात येऊन उभी होती. तिच्या तोंडावरची दुपारची शंका केव्हाच उतरली होती आणि तिच्या जागी दुसरीच चढली होती.

"सूनबाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "हिला बाल्कनीत ने. हवा लागू दे जरा. आणि दार लाव."

दार लागलं. कॅप्टन टेबलावरचा कागद सरळ करत बसला. तो सरळच होता.

"छोटू, बटण कुणी ओढलं?"

"आई, नियम असा आहे की—"

"नियम ऐकला मी जेवताना. नियमानं नाही ओढलं. हात सांग."

"मला खरंच आठवत नाही."

"तिचा हात वर होता. तुमच्या त्या खोलीत माणसं किती?"

"दोन."

"मग उरला कोण ते चौथी शिकलेल्या बाईला जमतं रे."

तो उठला, परत बसला. "ती सावकाश करते सगळं," तो म्हणाला. "खालून सांगितलं, मी उत्तर दिलं, आणि हिचा हात बटणावर येईना. शेडशी झटापट चाललेली. दोन सेकंद वाट पाहिली असेल मी. मग... गेला असेल माझा हात."

"असेल नको."

"गेला. फिरवलं आणि ओढलं. रोज वरच्या थरात गेल्यावर आम्ही ओढतोच, सवय असते. माझ्या ध्यानातही नाही आलं. खाली उतरल्यावर विचार केला तेव्हा कळलं." त्यानं मान वर केली. "पण ऐक. बटणाला हात लावायचा हक्कच नव्हता मला. म्हणजे चूक एक नाही, दोन. शिकवणाऱ्या कॅप्टननंच नियम मोडला! यादीतून नाव जाईल, आणि एकदा गेलं की परत कधी लागेल सांगता येत नाही. तिचं काय होईल? अजून तिची नेमणूक पक्की नाही, फार तर तीन महिने जास्त शिकवतील. वय आहे तिचं. मी तिला सांभाळून घेणार होतो. चांगला शेरा लिहिणार होतो."

"म्हणजे तिची चूक तू तिला दिलीस आणि वर तिला सांभाळणार."

"आई, मी वाईट माणूस आहे का?"

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

खोटं कशाला बोला, त्यांनाही मोह झाला. पोरीनं कागद लिहून आणलेला होता. तिचा स्वतःचाच त्यावर निम्मा विश्वास बसला होता, उद्यापर्यंत पुरता बसला असता. बाईंनी फक्त गप्प राहायचं होतं, कपबशा विसळायच्या होत्या. त्यांच्या गप्प राहण्याचा कुणाला पत्ताही लागला नसता. छोटूला वाढवताना त्यांनी लोकांची किती बोलणी खाल्ली होती. त्याची ती चौथी पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं शिवली होती. आणि ही कोण? तयार शर्टातली कुणाची तरी पोर.

बाल्कनीचं दार नीट लागलं नव्हतं. पोरीचा आवाज आत आला. ती सुनेला विचारत होती, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारते. आपला स्वतःचा हात कुठं होता हे माणूस विसरू शकतं का? मला मघापासून तो वरच आठवतोय. पण सर एवढे अनुभवी आहेत. मग माझ्या डोक्यातच काही बिघाड असेल का? असा बिघाड असला तर मग मी उडवूच नये ना."

सून काय म्हणाली ते ऐकायला मोठ्या बाई थांबल्या नाहीत. पदर खोचून त्या तडक बाहेर आल्या.

"ए पोरी, इकडं ये. कागद घे तुझा. पेन आहे?"

"आहे काकू."

"ते ओढल्याचं वाक्य खोड. हात वर होता तो लिही. शेड अडकलं होतं ते लिही. गॉगल पडला तो लिही. कानामागचा ओरखडा पण लिही."

"पण माझं लक्ष नव्हतं असं म्हणतील..."

"म्हणू देत. तुझं असेल तेवढं म्हणतील. दुसऱ्याचं कशाला अंगावर चढवून घेतेस? बिघाड तुझ्या डोक्यात नाही."

पोरीनं कॅप्टनकडं पाहिलं. तो हॉलच्या मधोमध उभा होता, सहा फुटांचा, आणि त्याला हात कुठं ठेवावेत ते सुचत नव्हतं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पोरगी खाली बसली आणि लिहायला लागली. लिहून झाल्यावर तिनं कागद वाचून दाखवला नाही, घडी करून बॅगेत ठेवला आणि जाताना मोठ्या बाईंना वाकून नमस्कार केला. बाईंनी तिच्या कॉलरचा लोंबता दोरा दातानं तोडला. "शर्ट बदल तो," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळभर कॅप्टन आपल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. तो काय लिहितो आहे, काही लिहितो आहे की नुसता बघत बसला आहे, ते दाराच्या फटीतून दिसत नव्हतं. मोठ्या बाईंनी दोनदा पाहून खात्री केली होती.

दुसऱ्या दिवशी तो दोन वाजता परतला. शर्ट खुर्चीवर टाकला, मोजे पलंगाखाली. जेवायला बसला.

"मीच ओढलं असं दिलं लिहून," तो म्हणाला. "यादीतून नाव काढलं. वर्षभरानं बघू म्हणाले. तोवर मलाच शिकायला बसवणार आहेत. तिला शेडबद्दल तोंडी समज दिली, बाकी काही नाही. तिची नेमणूक पक्की होईल."

सुनेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मोठ्या बाईंनी ताट वाढलं. त्यांना बरं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण आत कुठंतरी एक टाचणी राहून गेली होती.

"तिचा कागद तुझ्या आधी वाचला त्यांनी की नंतर?"

"आधी."

"आणि तू तुझा लिहिलास कधी?"

"काल संध्याकाळी."

"ती लिहून गेल्यावर."

"हो, ती गेल्यावर."

मोठ्या बाई समोर बसल्या. "एक विचारते, खरं सांग. तिनं लिहिलं नसतं तरी तू हेच लिहिलं असतंस?"

कॅप्टननं घास खाली ठेवला. रागावला नाही. खूप वर्षांनी त्यानं आईकडं असं सरळ पाहिलं होतं.

"मला माहीत नाही, आई," तो म्हणाला. "लिहिलं असतं असं मला वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे? तिला लिहायला बसवण्याआधी तू अर्धा तास थांबली असतीस तर मलाही कळलं असतं."

गावात सगळ्यांना पुरून उरणाऱ्या मोठ्या बाई त्याच्याकडं निरखून बघायला लागल्या. हे तो खरं बोलला, की स्वतःला सोडवून घेण्यासाठी बोलला? की अर्धा तास दिला असता तर त्या अर्ध्या तासात त्यानं पोरीला पुन्हा गोड बोलून वळवलं असतं? तिन्ही गोष्टी त्याच्या तोंडावर एकाच वेळी दिसत होत्या. जन्मापासून पाहिलेलं तोंड, पण त्यांना ते वाचता येईना.

सून पाणी आणायला उठली. कॅप्टन पुन्हा जेवायला लागला.

"भाजी चांगली झालीय," तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी वाटीतली भाजी चमच्यावर घेतली आणि स्वतः चाखून पाहिली.